पोरींच्या पायाकडं बघणाऱ्या सिस्टर

गाणं शिकवणारं माणूस गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघतं, असा माझा समज होता. आमच्या सिस्टर पोरींच्या पायाकडं बघायच्या. आम्हा म्हाताऱ्यांची पाळी आली की डोळे मिटून घ्यायच्या, आणि पोरींची आली की डोळे टक्क उघडे ठेवून नजर खाली, फरशीवर. हे कुणालाही दिसण्यासारखं होतं, पण दिसलं मला एकटीला. मला लहानपणापासूनची खोड आहे, कुणी काही जगावेगळं केलं की "हे असं कामून?" म्हणून डोक्यात किडा वळवळायला लागतो. घरात सुना म्हणतात, आत्याबाईंना पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. मी शाळेत गेलेली नाही. थोरल्या पोराच्या पाटीवर त्याच्यासोबत गिरवत अक्षरं शिकले, आणि आता या वयात जे मनात येतं ते वहीत उतरवून ठेवते. तर हे सिस्टरचं.

त्यांचं नाव इंदुमती, पण ते कागदावर. गावात लहानथोर सगळे सिस्टरच म्हणतात. ईट या गावापासून जवळच आमचं गाव आहे, तिथल्या उपकेंद्रात त्या नर्स म्हणून आल्या तेव्हा रस्ता नव्हता, दवाखान्याला दार होतं पण कडी नव्हती. तुळजापूरकडच्या. अंगानं किरकोळ, चालणं भरभर, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, म्हणजे कुणाची नाडी धरली की काटा तिथंच दिसावा. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलीत, माझी दोन नातवंडंसुद्धा. बाळ जन्मलं की बाकीचे पोरगा का पोरगी ते बघायचे. सिस्टर आधी मान वाकडी करून त्याचं रडणं ऐकायच्या. "आवाज खणखणीत हाय," असं त्या म्हणल्या की बाळंतिणीची सासू उठून चहा टाकायची. त्या न बोलता नुसत्या ऐकत राहिल्या की सासू उंबऱ्यातच बसून राहायची.

रिटायर झाल्यावर त्या लेकीकडं लातूरला जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. निरोपाचा नारळ दिला, साडी दिली, फोटो काढला. आठ दिवसांनी बघतो तर उपकेंद्राच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन बाई दारात मिरच्या वाळत घालतायत. मी विचारलं, "लातूरला न्हाय गेलाव?" म्हणल्या, "तिथं मला कुणी वळखत न्हाय. रस्त्यानं जाताना कुणाचं बीपी किती हाय तेबी मला ठाव न्हाय. असल्या गावात काय करू?"

गाण्याचं सगळं सुरू झालं ते या बीपीपासून. दर शुक्रवारी त्या आपल्या ओट्यावर स्वतःचं मशीन घेऊन बसायच्या आणि गावातल्या म्हाताऱ्या रांगेनं दंड पुढं करायच्या. आमच्यात सगळ्यात थोरली गयाबाई, ऐंशीच्या पुढची, आवाज अजून विहिरीत घागर बुडाल्यासारखा. एका शुक्रवारी तिचं बीपी लई वर निघालं. गोळ्या घेतल्या का विचारलं, तर म्हणाली, घेते की. मग हळूच कळलं, गोळ्या पेटीत साठवून ठेवल्यात, आजारी पडल्यावर लागतील म्हणून. सिस्टरनं दंडाचा पट्टा सोडला. तिला बाजूला बसवलं, बाकीच्यांचं बघायला घेतलं. बसल्या बसल्या गयाबाई कंटाळून जात्यावरची ओवी गुणगुणायला लागली, शेजारच्या फातिमाबीनं मागून सूर धरून ओढ लावली, मग मीही. अर्ध्या तासानं सिस्टरनं तिचं बीपी परत मोजलं आणि मशीनकडं बघत राहिल्या. चांगलं उतरलं होतं. आता ते गाण्यानं उतरलं का निवांत बसल्यानं, ते डॉक्टरला ठाऊक. सिस्टरनं मात्र त्या दिवसापासून नियम केला, आधी दोन ओव्या, मग दंडाला पट्टा.

शिकवणं सगळं दवाखान्याच्या भाषेत. परत म्हणा असं कधी नाही, "एक डोस अजून." कुणी जोरात ओरडली की, "एवढा पॉवर नको, रिअ‍ॅक्शन येती." आणि एक वाक्य तर इतक्यांदा ऐकलं की आम्ही भाकरी थापताना एकमेकींना म्हणायचो, "सूर मागून, आधी श्वास." गाताना खांदे वर गेले की त्या बोट दाखवायच्या, नुसतं. श्वास पोटात गेला पाहिजे. मला गावात कुणी कधी श्वास शिकवला नव्हता. सत्तर वर्षं चुकीचाच घेत होते म्हणायचं.

म्हाताऱ्यांना आणायला-न्यायला सुना यायच्या, त्या थांबायला लागल्या. शाळा सुटली की नाती यायच्या. दिवाळीपर्यंत ओट्यावर तीन रांगा झाल्या, मागं आज्या, मधे आया, पुढं पोरी. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा जाता जाता ऐकलं आणि म्हणाले, जानेवारीत आपल्या संमेलनात हेच ठेवू, तीन पिढ्यांचं गाणं. सगळ्यांना आनंद झाला. पण हेडमास्तर म्हणजे काळजीचं माणूस. पाहुणे येणार, फजिती नको, म्हणून तालुक्याच्या गावचा एक कीबोर्डवाला मास्तर बोलवायचा त्यांचा विचार होता. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये वाजवलेलं सगळं तयार असतं, बायांनी नुसतं त्यावर म्हणायचं.

सिस्टर म्हणल्या, "सर, आमच्या बायांना पेनड्राइव्ह झेपत न्हाय. त्यांना भाऊ आठवला की त्या मधीच थांबत्यात."

हेडमास्तर हसले, पण ऐकलं नाही पुरतं. तोड अशी निघाली की मास्तर येईल, कडेला बसेल, सिस्टरच शेवटपर्यंत नेतील. कुठं फिसकटलं तर तो बटण दाबेल.

भाऊ आठवण्याचं खोटं नव्हतं. आम्ही निवडलेली ओवी अशी होती,

कडी न लावा दाराला, लागली वाटेला नजर
दत्तू गं माझा येतो, ओसरीला सतरंजी अंथर

दत्तू म्हणजे गयाबाईचा भाऊ, परंड्याकडं असतो. ती दत्तू म्हणायची. फातिमाबी त्याच जागी बाबूलाल म्हणायची, कारण तिचा भाऊ बाबूलाल. मी गंगाराम म्हणायचे. जात्यावर ते बरोबरच असतं, जिचं दळण तिचा भाऊ. पण इथं तीसच्या वर बाया एकदम. त्या जागेला आलं की आठवडी बाजारात शिरल्यासारखं व्हायचं. सिस्टरनं सुचवलं, सगळ्यांनी "भाऊ" म्हणा नुसतं. आम्ही कबूल केलं. पहिल्यांदा जमलं, दुसऱ्यांदा परत जिची तिची जीभ आपल्या भावाकडं. त्यावर दोन दिवस रुसवेफुगवे झाले, दत्तूच कामून, बाबूलाल कामून न्हाय. गयाबाई शेवटी म्हणाली, "नाव न घेता भावाला बोलवायचं म्हंजी पत्ता न टाकता पत्र पेटीत टाकायचं. कुणाच्या घरी जाईल ते?"

सिस्टरनं मशीन पिशवीत भरता भरता सांगितलं, की जिनं तिनं आपल्या भावाचं नाव घ्यायचं, पण एकाच दमात आणि एकदमच सोडायचं. पुढच्या रांगेतली सानिया, फातिमाबीची नात, सहावीतली, तिनं विचारलं, ज्यांना भाऊ नाही त्यांनी काय करायचं. सिस्टर म्हणल्या, आज ज्याची आठवण येईल त्याचं घ्यावं. आणि खरंच सांगते, ती बाजारासारखी जागाच मग त्या गाण्यातली सगळ्यात चांगली जागा झाली. तीस नावं एकदम उडायची आणि "येतो" या शब्दावर परत एका ठिकाणी बसायची.

याच दिवसांत ते पायाकडं बघणं माझ्या ध्यानात आलं. आणि आणखी एक. कार्तिक संपता संपता सिस्टरनं एकदम पोरींना नाच बसवायला घेतला. शब्दाला पाऊल. "कडी" म्हणलं की उजवा पाय, "दार" म्हणलं की डावा, "नजर"ला टाच, "सतरंजी"ला दोन पावलं मागं. दुखऱ्या गुडघ्यांवर स्वतः करून दाखवायच्या. एका पोरीची आई म्हणाली, जात्यावर बसून कुणी नाचतंय व्हय? सिस्टर म्हणल्या, "पोरी उभ्या हाईत ना." बस, एवढंच. बाकीच्यांना वाटलं, पाहुण्यांना बघायला काहीतरी पाहिजे म्हणून. पण पाऊल जराही चुकलं की सिस्टर इतक्या बेचैन व्हायच्या, आणि पोरी तोंडानं चुकल्या तर मात्र "छान" म्हणायच्या. मला हे काही पटेना.

मग अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे रिटायर पोस्टमन, कविता करतात. त्यांचा आवाज म्हणजे ज्वारीचं पोतं फरशीवरनं ओढावं तसा. सिस्टर स्वतः त्यांच्या घरी गेल्या आणि प्रत्येक कडव्याच्या मागं म्हणायला चार ओळी मागितल्या. इतक्या वर्षांत अण्णांकडं कविता मागायला कुणी गेलेलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून चौदा ओळी घेऊन आले. सिस्टरनं चार ठेवल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा सोळा घेऊन आले.

"अण्णा, चारच. कडवं संपलं की लगीच, आणि जोरात."

"सिस्टर, कविता जोरात म्हणायची नसते. ती आत झिरपू द्यावी लागते."

"माझ्यापर्यंत झिरपू द्या आधी. म्या पुढं हुबी असते."

अण्णांना यात स्तुती दिसली. मला दिसला परत तोच किडा. गाणं, मधे नाच, मधे कविता, हे सगळं सजावटीसाठी म्हणावं तर सिस्टरच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर सोडून काही नाही. ही बाई सजावट कशाला करेल?

एक दिवस दुपारी मी मुद्दाम त्यांच्याकडं गेले. मुद्दाम म्हणजे, ताक द्यायचं निमित्त. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, आत गॅसवर कुकर होता. मी त्यांच्या मागं चमचा पाडला. त्या निवडत राहिल्या. दारात चिमण्या कलकलत होत्या, मी म्हणलं, चिमण्या लई झाल्यात. त्यांनी दाराकडं बघितलं आणि मग व्हय म्हणल्या. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मी मोजत बसले.

"सिस्टर, डाळीला किती शिट्ट्या लावताव?"

"तीन."

"आठ झाल्या."

त्या उठल्या, गॅस बंद केला, परत येऊन बसल्या. परात मांडीवरनं खाली ठेवली.

"सरूताई, आल्यापासनं माझी परीक्षा घेताव तुमी. चमचा पाडलाव तेबी बघितलं म्या, फरशीत तुमची सावली वाकली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या रागावल्या नव्हत्या. उलट जरा मोकळ्या झाल्यासारख्या बोलायला लागल्या. बार्शीच्या डॉक्टरला दाखवलं होतं. त्यानं सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड मागून. त्या हसत म्हणल्या, "आधी चिमण्या गेल्या. मग कुकर गेला. दिवाळीपासनं पोरी गेल्या. आता तुमच्यासारख्या भरड्या गळ्याच्या बाया तेवढ्या ऱ्हायल्यात. आन् अण्णा."

मग मला सगळं एका जागी दिसलं. पोरींचं गाणं त्यांना ऐकूच येत नव्हतं. समोर एकटी असली तर ओठ बघून कळायचं, अख्ख्या रांगेचं नाही; म्हणून शब्दाला पाऊल बांधलं होतं, पायाकडं बघून गाणं कुठवर आलं ते कळावं. म्हणून अण्णांचं पोतं प्रत्येक कडव्याच्या टोकाला ठेवलं होतं. नाच आणि कविता ही सजावट नव्हती, वाटेवर मोजून रोवलेले दगड होते ते. मी विचारलं, मशीन कामून लावत नाही कानाला? त्यांनी फडताळातनं एक डबी काढून दाखवली. एकदा लावलं होतं, म्हणल्या, सगळ्या गावाची भांडी एकदम घासल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणतो दुसरं बसवू, जमत जमत जमेल. ते कार्यक्रमानंतर.

"आता न्हाय. आता नवं मशीन घातलं तर हाय तेबी बिघडंल. आन् हेडमास्तरला कळलं तर तो पेनड्राइव्ह लावील, त्यात त्याचंबी काय चूक न्हाय. बहिऱ्या बाईच्या हातात लेकरं कोण देईल? पर मला एकदा, सरूताई, तिन्ही रांगा माझ्या हातानं शेवटापर्यंत न्यायच्यात."

मग तांदळात बोट फिरवत, "बरं झालं येळेवर रिटायर झाले. बाळ रडलं आन् मला ऐकू आलं नसतं तर."

मी कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला. माझ्यासारखीला गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे महिनाभराचा कडक उपास. पण धरला.

संमेलन दुपारी चारला होतं, शाळेच्या पटांगणात. मंडप, खुर्च्या, पुढं सतरंज्या. गावातलं बहुतेक घर आलं होतं, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी स्टेजवर होतं. कडेला कीबोर्डवाला मास्तर आपली पेटी उघडून बसला होता, तरणा माणूस, गळ्यात मफलर. हेडमास्तर त्याच्या खुर्चीमागं उभे. आम्ही तीन रांगा, पोरी पुढं पायात घुंगरू बांधून, डावीकडं अण्णा. सिस्टरचं आमच्याकडं तोंड, लोकांकडं पाठ, त्यांच्या बाजूला माइकचा दांडा. हात वर केला आणि सुरू झालं.

पहिलं कडवं सुरेख गेलं. तीस नावं उडाली, बसली. लोकांत हसू फुटलं, कारण ज्याचं नाव तो समोरच होता. अण्णांनी चार ओळी म्हणल्या, चारच. दुसरंही गेलं. सिस्टरची नजर पायावर, हात बरोबर. मी मागनं बघत होते आणि मनात म्हणत होते, आता एकच राहिलं.

तिसऱ्याच्या तोंडाला मंडपाच्या दारातनं एक म्हातारा आत आला. डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. परंड्याच्या बाजूनं दोन एस्ट्या बदलून आलेला. कुणी बोलावलं नव्हतं, नातवाच्या फोनमध्ये कळलं म्हणून आला. पुढच्या सतरंजीवर जागा करून बसला आणि वर बघितलं. गयाबाईचा दत्तू.

आता आमच्याकडं एक रीत आहे, ती लिहिते. भाऊ लांब असला तर त्याला एक ओवी पुरते. पण भाऊ दारात आला तर एका ओवीवर त्याला सोडत नाहीत. मग त्याच्या लेकराला एक, त्याच्या बायकोला एक, जोडी असली तर बैलांनाही एक. हे कुणी ठरवत नाही, ते निघतंच. गयाबाईनं दत्तू येतो म्हणलं, दत्तू आलेला दिसला, आणि तिचा गळा थांबायला तयार होईना. तिनं त्याच्या पोराला ओवी घातली. सुनेला घातली. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या बैलांच्या जोडीला घातली. आणि आम्ही आज्यांनी काय केलं म्हणाल, तर शहाणपणानं गप बसायचं सोडून जात्यावर बसल्यासारखी मागनं ओढ धरली. मीही धरली. मला सगळं ठाऊक असून धरली. तोंडातनं गेल्यावर कळलं.

पोरींना या ओव्यांची पावलं शिकवलीच नव्हती. घुंगरू थांबले. सगळे पाय एकदम फरशीवर गप. पण तोंड थांबलं नाही त्यांचं, ओट्यावर रोज ऐकून त्यांना आमच्या मागं म्हणायची सवय लागली होती. अण्णा कागद हातात धरून, कडवं संपलं का नाही या विचारात, तोंड अर्धं उघडं ठेवून उभे. सिस्टरला पाय हलताना दिसेनात आणि अण्णा ऐकू येईनात; आम्हा आज्यांचा आवाज येत होता, पण पोरी गातायत का थांबल्यात ते कळेना.

त्यांचा हात हवेत थांबला. ते बघून आम्हा आज्यांचा आवाज गेला, मधल्या रांगेचाही गेला. उरल्या पोरी एकट्या, पावलं विसरून परत मूळ ओवीवर आलेल्या. एवढ्या मंडपात नुसता त्यांचा बारीक आवाज चालला होता, आणि तो सगळ्यांना येत होता, एक सिस्टर सोडून.

कडेला हेडमास्तरांनी मास्तरच्या खांद्यावर हात ठेवलेला मी बघितला. मास्तरचं बोट बटणावर होतं. त्यानं बोट उचललं. म्हणाला, "थांबा सर. चाल जरा वेगळी धरलीय, पण पोरी सुरात हाईत."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मग गयाबाईकडं. त्या नुसता हात फिरवू शकल्या असत्या. अंदाजानं फिरवला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी रांगांवरनं गयाबाईला विचारलं, आणि बाजूच्या माइकनं ते पार रस्त्यापर्यंत नेलं.

"पोरी गात्यात का? मला येत न्हाय ऐकू."

गयाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं एकदा सिस्टरच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिला समजायला काही वेळ लागला नाही.

"गात्यात. तुमी हात चालवा, म्या सांगते."

आणि तिनं चालत्या गाण्यात शब्दाला शब्द मोठ्यानं सांगायला सुरुवात केली, कडी, दार, वाट, नजर. हात परत फिरायला लागला. मग पुढच्या रांगेत सानियानं पाय उचलला. नाचाचं पाऊल नव्हतं ते, साधा ठेका, एक पाय वर, एक पाय खाली. तिच्या शेजारणीनं उचलला. मग सगळ्यांनी. सिस्टरची नजर पायावर आली, हात सरळ झाला आणि आम्ही परत आत शिरलो. शेवटच्या नावांना तर खालून लोकही आपापली नावं टाकायला लागले. दत्तूनं खाली बसल्या बसल्या "गया" म्हणलं. अण्णा म्हणाले ते एकच ओळ, बाकीच्या त्यांना आठवल्याच नाहीत.

टाळ्यांचं लिहीत नाही, त्या झाल्या. मास्तर आपली पेटी बंद करून सिस्टरजवळ आला, आणि त्यांच्या पुढं उभा राहून तोंड मोठं मोठं उघडत सांगितलं, की पोरी शेवटपर्यंत सुरात होत्या. हेडमास्तर चष्मा पुसत होते. बायका सिस्टरच्या अवतीभवती जमल्या, कुणी म्हणे आम्हाला आधी सांगायचं, कुणी म्हणे माझ्या सासूला अमुक तेल लागू पडलं. सिस्टर सगळ्यांना एकच सांगत होत्या, सोमवारी बार्शीला जाणार आहे, मशीन बसवायला.

मग लोक चहाकडं पांगले. मी स्टेजवर घुंगरू गोळा करत होते, म्हणून हे मला दिसलं. सानिया गेली नव्हती. ती सिस्टरसमोर उभी होती, हाताची घडी घालून, आणि तोंड रागावलेलं.

"कधीपासनं ऐकू येत न्हाय तुम्हाला?"

"दिवाळीपासनं."

"मग रोज मला छान कामून म्हणत होतात?"

या पोरीला काहीतरी गोड सांगून वाटेला लावणं सोपं होतं. सिस्टर म्हणल्या, "तुझा श्वास बघत होते. पोट हलत होतं, खांदे न्हाय. त्याला म्हणत होते छान. आवाजाचं मला ठाव नव्हतं."

सानियानं हाताची घडी सोडली. मग हळूच, पण सिस्टरला ओठ दिसतील असं वर बघून सांगितलं, "दुसऱ्या ओळीत मी रोज चुकत होते."

आणि खरं होतं ते. आम्हा सगळ्यांना येत होतं ऐकू. "ओसरीला"पाशी ती आवाज चढवायच्या ऐवजी खाली घ्यायची. पण सिस्टर छान म्हणतात म्हणजे असंच असेल, असं धरून आम्ही आज्या साठ वर्षांची चाल सोडून हळूहळू तिच्यासारखं म्हणायला लागलो होतो. सगळ्या गावानं मिळून एका पोरीची चूक पाठ केली होती.

सिस्टरला हसू आलं. आधी थोडं, मग त्यांना स्टेजच्या कडेला बसावं लागलं इतकं. डोळे पुसून त्यांनी सानियाला शेजारी ओढलं.

"दाखव. कुठं खाली जाती?"

पोरीनं गायला तोंड उघडलं, मग थांबली, आणि तळहात आडवा धरून हवेत दाखवायला लागली. भावाच्या नावाला हात छातीशी, गं माझा येतो म्हणताना हनुवटीशी, आणि ओसरीशी आल्यावर वर जायचा तो हात सावकाश खाली, मांडीपर्यंत. सिस्टर त्या हातावरनं नजर न हलवता बघत होत्या. मग म्हणल्या, "एक डोस अजून," आणि पोरीनं हात परत छातीशी नेला.